पाण्यातल्या तीन पायऱ्या

आमच्या गावच्या विहिरीला पायऱ्या मी बांधल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता ते कोणी सांगत नाही, आणि चुकून सांगितलंच तर अशा तोंडानं, की जणू मी विहिरीत विष कालवलं. तसं पाहिलं तर त्यांचं फारसं चुकत नाही. पण ते मी म्हणायचं, त्यांनी नाही.

गाव पौडाच्या पुढं, माले गावाच्या अलीकडं, रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात चार महिने असा पाऊस की बरणीतलं मीठ वितळायचं, आणि चैत्र लागला की अख्ख्या गावाचं प्यायचं पाणी त्या एका विहिरीत. पन्नास आणि साठ सालांच्या मधली ही गोष्ट. मी मूळचा त्या गावचा नव्हे. लहानपणी आईबरोबर मावशीकडे आलो तो राहिलो. ज्याची गावात जमीन नाही तो उपरा, मग त्याचे केस तिथंच पांढरे होवोत. मी डोक्यावरून हिरडा वाहिला, पुढं बैलगाडी घेतली, मग लोकांचा आंबेमोहोर घेऊन पुण्याला विकायला लागलो. तिशी उलटायच्या आत माझं घर कौलारू झालं, पाटलांच्या घराहून एक खण मोठं. तो एक खण मला कशालाही नको होता. त्यात नुसती रिकामी पोती पडलेली असायची. लोक मला शेट म्हणू लागले. त्या म्हणण्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला कधी नीट उमगलं नाही.

एक मान मात्र नक्की मिळत नव्हता. चैत्रात देवाची पालखी निघायची, तिच्यापुढं पहिला नारळ पाटील फोडायचे. त्यांच्या बापानं फोडला, आज्यानं फोडला. मला तो नारळ हवा होता. पोतंभर नारळ मी सहज आणले असते, पण पहिला नारळ पोत्यात मिळत नाही.

विहीर खोल होती आणि तिला पायऱ्या नव्हत्या. काठावर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावर पाय रोवून बाया दोरानं घागर ओढायच्या. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की एका घागरीला दमछाक व्हायची. देवळात गाव जमलं होतं तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "पायऱ्या मी बांधतो. माझ्या पदरचं. पन पयला नारळ माझा."

सगळे पाटलांकडे बघायला लागले. पाटील थोराड, मिशाळ, आणि बोलण्यात सावकाश. ते म्हणाले, "किती वर्सं?"

मी मुरलेला सौदेवाला. वर्षांत बोलणारा मी नव्हे. म्हणालो, "जवर पायऱ्या, तवर नारळ."

"आन पायऱ्या मोडल्या मंग?"

"घडीव दगडाच्या आसतील पाटील. तुमचा नातू म्हातारा हुईल तरी मोडायच्या न्हाईत."

"बघ बरं शेट. बोलून बसशील."

"बसलो," मी म्हणालो. देवळात हशा पिकला. मला वाटलं, ते माझ्या हजरजबाबीपणाला हसले.

पौडचा एक गवंडी आणला. त्यानं वाकून विहीर पाहिली आणि सांगितलं, बारा पायऱ्या बसतील, शेवटची पाण्याच्या वर, तिथं एक रुंद दगड, त्यावर उभं राहून दोरानं पाणी घ्यायचं. मी म्हणालो, त्याच पैशांत आणखी तीन, थेट पाण्यात उतरणाऱ्या. तो नको म्हणाला. मी तीन दिवस त्याच्या मागं लागलो. त्याच्या हातातली करणी काढून घेतली, परत दिली, त्याला जेवायला बसवलं आणि जेवतानाही भांडलो.

"शेट, ऐका माझं," तो म्हणाला. "पिन्याचं पानी हाय. मान्सं पाय घालतील त्यात."

"घालू द्या की. विहीर काय आटती व्हय पाय घातल्यानं?"

शेवटी तो कंटाळला आणि त्यानं तीन पायऱ्या फुकट बांधून दिल्या. त्या वर्षी मी पहिला नारळ फोडला. दुसऱ्या घावाला फुटला, पहिला घाव देवळाच्या पायरीवर बसला. तरी मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, बारा पायऱ्या पैशाच्या आणि तीन माझ्या जिभेच्या.

लोक त्या तीन पायऱ्यांवर खूश होते. बाया गुडघाभर पाण्यात उतरायच्या, पाय चोळायच्या, तोंड धुवायच्या आणि तिथंच घागर बुडवून भरायच्या. शेतावरून आलेला गडी आधी पाय थंड करायचा, मग ओंजळीनं प्यायचा. आमच्या शेजारी एक विधवा राहायची, वयानं माझ्या मावशीएवढी, एकटीनं भाताची दोन खाचरं कसणारी. तेवढी एक मला म्हणाली, "शेट, देव तुमचं भलं करो. दोरानं हात सोलून निघायचे." बाकी गावानं आभाराचा शब्द काढला नाही. ते मला अजून लागतं. ते लागू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गावासाठी काहीतरी बांधून पाहावं.

पुढल्या उन्हाळ्यात नारू निघाले. नारू गावाला नवा नव्हता. घोट्याजवळ किंवा पिंढरीला फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी बाहेर डोकवायची, हातभर लांब. वर्षाला एखाद्या घरी असायचा. त्या वर्षी मात्र आळीच्या आळी पाय धरून बसली. मी नेहमीप्रमाणे कारण शोधून काढलं. उष्णता. सुके बोंबील फार खाल्ले लोकांनी.

वैशाखात आरोग्य खात्याचा एक इन्स्पेक्टर सायकल ढकलत आला. पोरसवदा, चष्मेवाला, शहरी. सरळ विहिरीवर गेला, पेल्यात पाणी घेतलं आणि उन्हाकडे धरलं. "बघा," तो म्हणाला. पाण्यात पांढरे बारीक ठिपके होते आणि ते टुणटुण उड्या मारत होते.

"धूळ हाय ती," मी म्हणालो.

"धूळ उड्या मारते का शेट?" त्यानं समजावून सांगितलं. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो. गार पाणी लागलं की अळी तोंड उघडते आणि तिची पिल्लं पाण्यात सुटतात. हे ठिपके म्हणजे पाण्यातले किडे, ते ती पिल्लं खातात. आपण पाण्याबरोबर किडे पितो. वर्षभर काही कळत नाही, मग नारू पायातून बाहेर येतो. "या पायऱ्या बंद करायला हव्यात. निदान या खालच्या तीन. या कोणी बांधल्या?"

"मी," मी छाती काढून म्हणालो. "आन त्या फुकटात बांधून घेतल्यात."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. माझं डोकं फिरलं. पायऱ्या बंद म्हणजे नारळ बंद, एवढंच मला ऐकू आलं होतं. पाटील काठावर उभे होते आणि मिशीवरून हात फिरवत होते. मी इन्स्पेक्टरच्या हातातला पेला ओढून घेतला आणि सगळ्या गावासमोर घटाघटा प्यालो, उड्या मारणाऱ्या धुळीसकट. "काय झालं मला?" मी ओरडलो. "झालं काय?"

"आत्ता काही होणार नाही," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी भेटू."

जाताना त्यानं बायांना सांगितलं की पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. आमच्या घरात त्याच दिवशी माठाच्या तोंडाला लुगड्याचं फडकं बांधलं गेलं. मी ते सोडून फेकलं. बायकोनं पुन्हा बांधलं. मग मी घरचं पाणीच सोडलं. रोज विहिरीवर जाऊन, लोक बघतील अशा बेतानं, ओंजळीनं प्यायचो.

"कुनाचं वाईट करताय अवं?" ती म्हणाली.

"त्या चष्मेवाल्याचं."

"त्यो गेला की पौडाला. त्याला कसं कळायचं?"

तरी मी वर्षभर तसंच पीत राहिलो.

पुढल्या चैत्रातही पहिला नारळ मी फोडला. एका घावात. वैशाख लागला आणि उजव्या घोट्यावर फोड आला. मी तो कोणाला दाखवला नाही, धोतर खाली ओढून चालायचो. गाडी चालवताना लागलं म्हणून बायकोला सांगितलं. तिनं पाहिलं, माठाचं फडकं सोडलं, झटकलं आणि पुन्हा घट्ट बांधलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आग सोसवेना. भर दुपारी गाव निजलेलं असायचं तेव्हा मी लंगडत विहिरीवर जायचो आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडायचो. काय तो गारवा! त्या वेळी मला खात्री पटायची की माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला सौदा म्हणजे या तीन पायऱ्या. चौथ्या की पाचव्या दुपारी वरून आवाज आला.

"शेट, पाय बाहेर काढा."

इन्स्पेक्टर पायऱ्या उतरत होता. फोड फुटला होता आणि घोट्यातून दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं स्पष्ट दिसत होतं. धोतर खाली ओढायला जागा नव्हती.

मी त्याला शिव्या दिल्या. त्याच्या चष्म्याचा उद्धार केला, त्याच्या खात्याचा केला. तो ऐकून घेत राहिला आणि पुन्हा म्हणाला, "आधी पाय काढा." मी पाय काढला.

"किती दिवस येताय?"

"चार." मग म्हणालो, "पाच आसंल."

तो विहिरीकडे बघत राहिला. मला ते बघणं सहन होईना. मी विचारलं, "एका पायानं आसं किती हुनार?"

"म्हणजे?"

"म्हंजे किती मान्सांला? दोन? चार?"

"शेट," तो म्हणाला, "याच्यात घासाघीस नाही हो. वर्षभर थांबायचं आणि बघायचं."

त्यानं गावात कोणाला सांगितलं नाही. निदान माझ्या कानावर कधी आलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, की अळी ओढू नका, काडीला गुंडाळा, रोज दोन बोटं निघेल तेवढीच. नारू काढणारा गावातला म्हाताराही तेच म्हणायचा, तो काय नवीन सांगत होता. पण मी घरी आलो तो पेटलेला. तो पुन्हा यायच्या आत, गावाला दिसायच्या आत, हे माझ्या पायातून गेलं पाहिजे होतं. रोज दोन बोटं म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवसांचा भाव मी आयुष्यात कधी पहिल्या बोलीला कबूल केलेला नाही. मी काडीला टोक गुंडाळलं आणि ओढलं. चार बोटं आली. आणखी ओढलं. तुटलं.

तुटलेला नारू आत राहिला की काय होतं, ते ज्याला झालंय त्यालाच कळतं. पाय ओंडक्यासारखा सुजला. ताप चढला. पंधरा दिवस वाचवायला गेलो आणि दीड महिना खाटेवर पडलो. म्हातारा येऊन बघून गेला. कांद्याचं पोटीस बांधता बांधता म्हणाला, "शेट, बाजारात मानूस वाकतो, किडा वाकत न्हाई." मला त्याचा इतका राग आला, आणि उठून बसताही येत नव्हतं.

मी असा पडलेलो असताना शेजारची ती विधवा म्हातारी लंगडत आमच्या ओट्यावर येऊन टेकायची. तिला दोन नारू निघाले होते, एक घोट्याला, एक गुडघ्यामागं. गुडघ्यामागचा पिकला होता आणि पाय आखडत चालला होता. रोहिणी निघून चालल्या होत्या आणि तिची दाढ, म्हणजे रोपासाठीचं भाताचं बी, टाकायची राहिली होती. भाताचं रोपच झालं नाही तर पुढं लावायचं काय? बायको तिला गाळलेलं पाणी द्यायची. मी आतून ऐकत पडलेला.

"औंदा खाचरं पडीकच जायाची ग," ती एकदा म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, उद्या अमावस्या आहे असं म्हणावं तसं. मग आत मान घालून मला म्हणाली, "शेट, बरं हाय का? तुमच्या पायऱ्या हायेत म्हनून आसल्या पायानंबी पानी भरता येतंय. दोर वडायचा आसता तर तहानेनं मेले आसते."

मी भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यभर मला कोणीतरी आभार मानावेत असं वाटत होतं. मानले, ते हे.

मी हिशेबी माणूस. मनातल्या मनात मी बराच वेळ सांगत राहिलो, की तिचे नारू मागल्या वर्षीच्या पाण्याचे, माझ्या पायाचे नव्हेत. ते खरंच होतं. पण मागल्या वर्षीही पायऱ्या माझ्याच होत्या. कुठूनही मोजलं तरी मधे त्याच तीन पायऱ्या यायच्या.

संध्याकाळी बायकोला म्हणालो, "त्या चष्मेवाल्याला निरोप धाडा. म्हनावं, पायऱ्या बंद करा."

ती चुलीपाशी होती. "आन नारळ?"

"नारळाचं बघतो मी."

बघतो म्हणालो, म्हणजे एव्हाना बघून झालं होतं. इन्स्पेक्टर आला तेव्हा मी खाटेवरूनच अट घातली. पायऱ्या फोडायच्या नाहीत. वरच्या तोंडाला भिंत घालायची, काठाला कट्टा बांधायचा, रहाट बसवायचा. पायऱ्या आत शाबूत राहायला हव्यात.

"शाबूत कशाला? कोणी उतरणार नाही."

"तुमाला काय करायचंय? भिंत झाल्याशी मतलब."

तो हसला. त्याला नारळाचं कोणीतरी सांगितलं असणार. "चालेल," म्हणाला. "भिंत मात्र उंच."

भिंत बांधायला तोच पौडचा गवंडी आला. त्यानं सांगितलेला भाव मी तसाच दिला. तो इतका दचकला की त्यानं पुन्हा विचारलं, "शेट, तब्येत बरी हाय ना?" पाऊस लागायच्या आत काम झालं. बाया आठ दिवस मला शिव्या देत रहाट ओढत होत्या. पायऱ्या बांधल्या तेव्हा कोणी बोललं नव्हतं, बंद केल्यावर सगळं गाव बोललं. शेजारणीचं पाणी माझी बायको भरायची. म्हातारीचा पाय पुढंही आखडलेलाच राहिला. त्या वर्षी तिची खाचरं पडीक गेली, आणि पुढल्या वर्षापासून ती अर्धलीनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, पाटलांनी कसली.

चैत्र आला. देवळात गाव जमलं. मी नवं धोतर नेसून पुढं झालो. पाटील सावकाश म्हणाले, "शेट, बोली काय हुती? जवर पायऱ्या, तवर नारळ."

"पायऱ्या हायेत," मी म्हणालो. "पंधराच्या पंधरा. भिंतीआड हायेत. जाऊन मोजा."

"मोजायला उतरू कुटनं?"

देवळाचं छप्पर उडेल असा हशा झाला. मग वाद सुरू झाला. कोणी म्हणालं पायऱ्या आहेत, कोणी म्हणालं ज्या दिसत नाहीत त्या नाहीत. एकजण म्हणाला, "मंग नारळबी भिंतीआड फोडा म्हनावं." शेवटी पाटलांनीच निवाडा केला. नारळ ते फोडतील, अर्धा माझ्या घरी पोचवतील.

अर्धा! मी अर्ध्यावर सौदा करणारा माणूस आहे का? मी तिथं काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पालखी निघाली तेव्हा मी घरी रिकाम्या पोत्यांच्या खणात बसलो होतो. नारळाची वाटी आली, बायकोनं घेतली. त्या संध्याकाळी आमटीला खोबरं होतं. मी रागानं जेवलो नाही असं गावात सांगतात. जेवलो. दोनदा आमटी घेतली.

त्या वैशाखात पायांचे दुखणेकरी निम्म्याहून कमी होते. तरी सातआठ जण होते, आणि त्यांत एक पाटील.

मी ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं. मग मागल्या वर्षीच्या विहिरीवरच्या दुपारी आठवल्या. ती पिल्लं माझीच कशावरून? गावात इतरांनाही नारू होते, तेही पाण्यात पाय घालत होते. हे सगळं मी स्वतःला पटवलं, आणि पटवून झाल्यावर उठून पाटलांकडे गेलो.

ते ओसरीवर पडले होते. घोट्याला काडी बांधलेली होती, आणि त्यांचा हात सारखा तिच्याकडे जात होता. "वडून टाकू का रं शेट? लई आग हाय."

"हात लावू नका," मी ओरडलो. "रोज दोन बोटं. तीन न्हाई."

"तू तर सगळा वडलास म्हनं."

"म्हनून तर सांगतोय."

मग मी रोज जाऊन बसायला लागलो. सकाळी म्हातारा काडी फिरवून जायचा आणि दिवसभर मी त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवायचो. भातगाडी पुण्याला दुसऱ्याबरोबर पाठवली. गाव म्हणायचं, शेट नारळासाठी पाटलाचे पाय चेपतोय. गावाचं नेहमीप्रमाणे निम्मं खरं होतं.

अठराव्या दिवशी अळी सगळी बाहेर आली. पाटलांनी डोळे पुसले, पाय लांब केला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "शेट, लई केलंस तू माझं. मी वंगाळ वागलो. फुडल्या चैतापासनं पयला नारळ तुझा. पायऱ्या आसू न्हाईतर नसू. दे टाळी."

हात पुढं होता. आयुष्यात इतका सोपा सौदा माझ्यापुढं कधी आला नव्हता. मला बोलायचं होतं ते पाण्यात पाय सोडलेल्या त्या दुपारींचं, ते तोंडाशी आलं, आणि तिथून परत गेलं.

"ऱ्हाऊ द्या पाटील," मी म्हणालो. "तुमीच फोडा."

"रागावलास व्हय अजून?"

"व्हय," मी म्हणालो. तेवढंच सांगण्यासारखं होतं. ते म्हणाले, तुझा राग काही जायचा नाही मेल्या, आणि त्यांनी सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. चहा गाळलेल्या पाण्याचा होता की नाही, ते मी दारातच तिला विचारून घेतलं.